उभ्या गाडीची उतरती बॅटरी

चावी फिरवली, बॉनेटखालून एकदाच 'टक्' असा आवाज आला आणि पुढे काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले, मग पूर्ण गेले. शेजारच्या सीटवर आई पट्टा लावून बसली होती. तिच्या गुडघ्याच्या व्यायामाची वेळ पाऊण तासावर होती आणि ती वेळ चुकली की पुढची मिळायला चार दिवस जात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजाऱ्यांनी जंपर केबल लावून गाडी सुरू करून दिली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. येताना मात्र मी ठरवूनच निघाले की आज बॅटरी बदलायची.

तो निर्णय मी एका मिनिटात घेतला, आणि पुढच्या दोन महिन्यांचा मनस्ताप त्या एका मिनिटातून निघाला. बॅटरी साडेतीन वर्षांची होती. एवढ्या वयाच्या बॅटरीकडे बोट दाखवलं की कुणीही मान डोलावतो, मीही डोलावली. ती खरोखर मेली आहे का, हे मी कुणाला तपासायला सांगितलं नाही.

दुकानात मोठी ऑफर लागलेली होती. जुनी बॅटरी द्या, नव्यावर घसघशीत सूट घ्या, ४८ महिन्यांची वॉरंटी, फिटिंग मोफत. छापील किमतीवर लाल रेघ मारून खाली दुसरा आकडा लिहिलेला होता. आता मला कळतं, की बॅटरीच्या धंद्यात छापील किंमत घेऊन माल विकणारं दुकान क्वचितच सापडतं. जुनी बॅटरी परत घेतली की थोडे पैसे कमी होतातच, कारण बॅटरीच्या वजनातलं अर्ध्याहून अधिक शिसं असतं आणि ते वितळवून पुन्हा वापरलं जातं. म्हणजे जुन्या बॅटरीचं मोल हे माझंच होतं, ते मला सवलत म्हणून परत मिळालं. त्या दिवशी मात्र मी आकड्यांतला फरक बघून खूश झाले.

४८ महिन्यांचा अर्थही मी घरी येऊन कार्ड वाचल्यावर समजून घेतला. पहिले २४ महिने बिघडली तर बदलून नवी. पुढचे २४ महिने 'प्रो-राटा', म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर सूट, तीही त्या वेळच्या छापील किमतीवर. छापील किमतीवर सूट तर काउंटरवर कुणालाही मिळते. त्यामुळे शेवटच्या काही महिन्यांत या वॉरंटीचा हात फारसा उपयोगी पडत नाही. हे सगळं कार्डावर स्पष्ट छापलेलं होतं, फसवणूक म्हणता येणार नाही. पण दुकानाच्या दर्शनी फलकावर ४८ हा आकडा मोठा होता आणि २४ कुठेच नव्हता, याचा मला आजही राग येतो.

आणखी एक गोष्ट बघायची राहिली, ती म्हणजे बनवल्याची तारीख. शिशाची बॅटरी नुसती फळीवर पडून असली तरी दर महिन्याला थोडी थोडी उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात. ते एकदा घट्ट झाले की चार्ज करूनही पूर्ण जात नाहीत. माझ्या नव्या बॅटरीवरचा कोड नंतर वाचला तेव्हा ती बनून अकरा महिने झाले होते. ऑफर त्या बॅटरीवर का होती, हे बहुधा तिथेच लिहिलेलं होतं.

नवी बॅटरी बसल्यावर दहाएक दिवस गाडी रोज फिरत होती, कारण घरात पाहुणे होते. एकदाही कुरकुर नाही. पाहुणे गेले, गाडी चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच 'टक्'.

दुकानात गेले. त्यांनी बॅटरी ठेवून घेतली, रात्रभर चार्ज केली, दुसऱ्या दिवशी टेस्टर लावून दाखवला. "मॅडम, बॅटरी ओके आहे. गाडीत दोष आहे, तो वॉरंटीत येत नाही." मला ते टाळाटाळ वाटलं आणि मी काउंटरवर आवाज चढवला. तो मुलगा खरं बोलत होता, हे आता लिहिताना मला सांगायलाच हवं.

मग गॅरेज. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "डायनॅमो चार्ज करत नाहीये." इंजिन चालू असताना बॅटरी भरतो त्या अल्टरनेटरला आमच्याकडे सगळे अजून डायनॅमोच म्हणतात. तो खोलला, कार्बन ब्रश बदलले, रेग्युलेटर बदलला, संध्याकाळी गाडी दिली. जुने ब्रश मी मागून घेतले होते. ते निम्म्याहून जास्त शिल्लक होते. मी विचारलं तर म्हणाले, "बदलायला आलेच होते, एकदा खोललं की करून टाकलेलं बरं." यातलं 'एकदा खोललं की' हे वाक्य मी गाड्यांच्या बाबतीत इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते कानावर पडलं की मी सावध व्हायला हवं होतं. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज किती येतंय, हे मोजायला अर्धं मिनिट लागतं. साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. ते अर्धं मिनिट त्या गॅरेजमध्ये कुणी खर्च केलं नाही, आणि करा म्हणून सांगण्याइतकं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांनी गाडी पुन्हा बंद.

आता आईच्या व्यायामाला बसने जाण्याशिवाय इलाज नव्हता. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे आम्ही एकाच बसने जात होतो. त्या बसबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

ती बस जुनी होती, आणि ते लांबूनच कळायचं. चढ लागला की मागून काळा धूर निघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असतो, नाहीतर इंजेक्टरचं नोझल झिजून डिझेलची बारीक फवारणी होण्याऐवजी धार पडत असते. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि त्याच्यावरच्या झाकणाचं पॅकिंग गेलेलं, त्यामुळे पुढच्या सीटवर गरम हवेचा झोत यायचा. खिडक्यांच्या काचा इतक्या वाजायच्या की बोलायचं तर ओरडून. आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पहिली पायरी. ती जमिनीपासून आईच्या गुडघ्याएवढी उंच. ज्या गुडघ्याच्या उपचारासाठी ती निघालेली, त्याच गुडघ्यावर सगळा भार टाकून तिला चढावं लागायचं. पहिल्या दिवशी तिला मी मागून आधार दिला, आतून एका बाईंनी हात दिला, आणि तरी वर पोहोचेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खाली पायरीच्या, फूटपाथच्या उंचीला येणाऱ्या बसेस जगात कधीच्या निघाल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली बस येते, हे मला मान्य होत नाही.

दुसऱ्या फेरीपासून ड्रायव्हरकाकांनी आईला ओळखलं. ते बस फूटपाथला अगदी चिकटवून उभी करायला लागले, म्हणजे पायरी तेवढी खाली आली. आईला त्यांनी कधी "लवकर करा" म्हटलं नाही. "सावकाश या मावशी, तुम्ही बसल्याशिवाय गाडी हलत नाही," एवढंच.

शेवटच्या थांब्यावर बस दहा मिनिटं उभी राहायची आणि इंजिन चालूच असायचं. मला ते खटकायचं. डिझेल जाळायचं, धूर सोडायचा, कशासाठी? एके दिवशी विचारलंच. काका म्हणाले, "बंद केली तर परत चालू व्हायची खात्री नाही. बॅटऱ्या कमजोर आहेत, सेल्फ ओढत नाही. आणि एअरपण गळते."

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्याच गॅरेजमध्ये कुणी समजावलं नव्हतं. बसमध्ये दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोरात दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून सेल्फने, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरने, इंजिन पुरेशा वेगाने फिरवलं नाही, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून दाब निसटत असला, तर हवा तेवढी तापत नाही आणि इंजिन धरत नाही. रात्री ते बस नेहमी उतारावर लावतात, म्हणजे सकाळी नाहीच चालू झाली तर गिअरमध्ये टाकून उतारावरून सोडता येते. पण त्याआधी ब्रेक सुटले पाहिजेत, आणि ब्रेक हवेवर चालतात. हवा नसली तर स्प्रिंगच्या जोराने मागची चाकं जखडलेली राहतात. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे हवा गेली तर गाडी सुटण्याऐवजी थांबावी. त्यांच्या बसची हवा रात्रभरात गळून जाते, म्हणून उतारावरून सोडायलाही आधी टाकीत हवा हवी. ती राखायला ते संध्याकाळी टाकीचा एक कॉक बंद करतात. सकाळी हवेच्या दाबाचा काटा वर चढून कमी हवेचा बझर थांबेपर्यंत ते गाडी जागची हलवत नाहीत, मागे कितीही हॉर्न वाजोत.

चढावर ते आधीच गिअर उतरवायचे, इंजिन गुदमरायची वाट बघत नसत. उतारावरही त्याच खालच्या गिअरमध्ये. "ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापतात आणि मग ब्रेक लागतच नाहीत. गाडी इंजिनने अडवायची." गिअरबॉक्स झिजलेला, म्हणून प्रत्येक गिअरला दोनदा क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून, गिअर उतरवायचा असेल तर थोडी रेस, पुन्हा दाबून गिअर. एका फेरीत हे शेकडो वेळा होत असेल. त्यांचा डावा गुडघा आईच्या गुडघ्याइतकाच दुखतो, हे त्यांनी आईला सांगितलं तेव्हा दोघांनी मलमांच्या नावांची देवाणघेवाण केली.

रोज संध्याकाळी ते दोषांची नोंद लिहून देतात. धूर, एअर लिक, सेल्फ, पायरीचा सैल पत्रा. दुरुस्त होतं ते गाडी जागेवर उभी पाडेल तेवढंच. बाकीचं दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण मला ऐकून फार वाईट वाटलं. दीडशे माणसं रोज ज्या गाडीच्या भरवशावर कामाला जातात, तिच्या बाबतीत एका माणसाचं कौशल्य म्हणजे दुरुस्ती, असं धरून चालणं बरोबर नाही.

माझ्या गाडीची हकीकत मी त्यांना त्याच दिवशी सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उभी असताना उतरते, की चालताना भरत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. बॅटरीवाला, गॅरेज, आणि मधल्या काळात मी जिथे चौकशी केली ते मोठं सर्व्हिस सेंटर, यांपैकी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्या सर्व्हिस सेंटरची 'मोफत तपासणी' होती. त्यांनी कॉम्प्युटर लावला, एकही फॉल्ट कोड आला नाही, आणि तरी माझ्या हातात अकरा कामांची यादी दिली. थ्रॉटल बॉडी साफ करणे, इंजेक्टर साफ करणे, एसी निर्जंतुक करणे, चाकांचं अलाइनमेंट, आणि यादीच्या शेवटी, नवी बॅटरी. पॅकेज घेतलं तर एकत्र सूट. बॅटरी दीड महिन्याची आहे म्हटल्यावर समोरचा माणूस म्हणाला, "मग ती वगळून उरलेल्या दहांचं पॅकेज करून देतो." माझी तक्रार गाडी चालू होत नाही ही होती. त्या दहांतलं एकही काम त्या तक्रारीशी जोडलेलं नव्हतं. मी यादी परत दिली आणि बाहेर पडले.

काकांनी सांगितलेला उपाय सोपा होता. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यायची, तिची निगेटिव्ह तार काढून ठेवायची, नेहमी जेवढे दिवस गाडी उभी असते तेवढे दिवस थांबायचं, मग तार जोडून चावी फिरवायची. सुरू झाली तर बॅटरी चांगली आहे आणि गाडीच ती खाते आहे. नाही झाली तर बॅटरी स्वतःच उतरते आहे.

मी एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणला. वापरायला शिकायला एक संध्याकाळ गेली. चार्ज झालेली बॅटरी काही तास शांत ठेवून मोजली, १२.६१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी राहिली, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आपल्याला वाटतं बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय म्हणजे ठीक, आणि तिथेच फसायला होतं. दहाचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल सैल केलं. पहिली निगेटिव्हच काढायची, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. तार कापडात गुंडाळून बाजूला ठेवली, गाडी चावीने लॉक केली.

चार दिवसांनी १२.५८. तार जोडली, चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी तिथेच बसून राहिले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा या बिघाडाबद्दल एक गोष्ट मला खात्रीने माहीत झाली होती.

मग उलट बाजूने खात्री केली. गाडी फिरवून आणली, इंजिन चालू असताना मोजलं तर १४.२, म्हणजे अल्टरनेटर धडधाकट. तो आधीही धडधाकटच असणार, बदललेले ब्रश त्याची साक्ष देत होते. मग तार न काढता गाडी दोन दिवस उभी ठेवली. १२.१५. दोन दिवसांत निम्मी बॅटरी गायब.

हे आकडे कागदावर लिहून मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. छोटं दुकान, बाहेर दोन गाड्या, आत वायरींचे जुडगे. त्यांनी कागद वाचला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "बाहेरून काही बसवलंय का गाडीत?" मी नाही म्हणाले. ते चूक होतं, पण मला आठवलंच नाही.

त्यांनी निगेटिव्ह तार काढून मीटर मधोमध जोडला, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जावा. अशा वेळी कुणी चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. बॉनेटचं लॅच त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट लागलेलं आहे. गाडी लॉक केली आणि म्हणाले, "आता अर्धा तास बसा." हल्लीच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत, वीस मिनिटं ते अर्धा तास घेतात. त्याआधीचा आकडा बघून निष्कर्ष काढला तर तो चुकतो. घाईच्या गॅरेजमध्ये हा अर्धा तास कुणाकडे नसतो, आणि म्हणूनच पार्ट बदलून बघणं सोपं पडतं.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.४२ अँपिअर. चांगल्या गाडीत हा आकडा ०.०२ ते ०.०५ असतो. घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिटची स्मृती, एवढ्यासाठी तेवढं पुरतं. एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर खर्च होतो, म्हणजे ०.४२ ने दिवसाला दहा अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे गुणाकार करून दाखवला. पावणेदोन दिवसांत निम्मी. माझ्या १२.१५ शी हिशेब तंतोतंत जुळला आणि मला अक्षरशः हलकं वाटलं.

त्यांनी आणखी एक हिशेब सांगितला, तो मला फार आवडला. सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढले जातात म्हणून सगळे सेल्फला घाबरतात. पण ते जेमतेम दोन सेकंद. दोनशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एका अँपिअर-अवरचा नववा भाग. आणि ०.४२ दिसायला किती लहान, पण एका रात्रीत तो पाच अँपिअर-अवर पिऊन टाकतो.

मग एकेक फ्यूज. आतल्या पेटीतले काढत गेले, आकडा फारसा हलेना. इंजिनाजवळच्या पेटीतले काढले, तरी ०.३९. सगळे फ्यूज निघाले आणि करंट जातोच आहे. "म्हणजे फ्यूजपेटीच्या अलीकडून कुणीतरी वायर घेतलीय," म्हणत त्यांनी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरचं रबरी टोपण वर केलं. मुख्य तारेच्या खाली एक बारीक लाल वायर चेपून बसवलेली होती. ती पॅनेलच्या मागून, गालिच्याखालून, थेट डिकीत गेली होती. डिकीत, स्टेपनीच्या बाजूला, अँप्लिफायर.

आणि मग मला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये मी म्युझिक सिस्टिमचा कॉम्बो घेतला होता. स्क्रीन, चार स्पीकर, आणि त्यावर अँप्लिफायर मोफत, फिटिंग मोफत. अँप्लिफायर मला नकोच होता. गाडीत मी बातम्या आणि आईची भजनं ऐकते. पण मोफत आहे म्हटल्यावर मी नको म्हणाले नाही, आणि बसवल्यावर विसरूनही गेले.

अँप्लिफायरला एक पातळ वायर असते, रिमोटची. स्क्रीन सुरू झाली की तिच्यातून बारा व्होल्ट येतात आणि अँप्लिफायर जागा होतो. स्क्रीन बंद झाली की तो झोपतो. बसवणाऱ्याने ती वायर स्क्रीनपर्यंत न नेता अँप्लिफायरच्याच पॉझिटिव्हला जोडून टाकली होती. हाताच्या बोटाएवढा जोड, वर टेप. दोन मिनिटं वाचली असतील. त्यामुळे तो अँप्लिफायर दोन वर्षं, दिवसरात्र, एक क्षणही झोपला नव्हता. शिवाय मुख्य लाल वायरीवर बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. इलेक्ट्रिशियन या दुसऱ्या गोष्टीने जास्त अस्वस्थ झाले. ती वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली असती तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून गेला असता आणि गालिच्याखाली आग लागली असती. त्या मागच्या सीटवर दोन वर्षं माझी मुलं बसत होती.

दोन वर्षं काही झालं कसं नाही, हेही उलगडलं. तेव्हा मी रोज गाडीने ऑफिसला जात होते, जाऊन-येऊन दीड तास. रात्रीत जेवढं जायचं तेवढं दिवसा कसंबसं भरून निघायचं. घरून काम सुरू झालं, गाडी आठवड्यातून दोनदा निघायला लागली, आणि हिशेब कोलमडला. जुनी बॅटरी बहुधा पूर्ण मेलेलीही नसेल. ती मी सूट घेऊन देऊन टाकली होती.

इलेक्ट्रिशियनने विचारलं, वायर नीट करून देऊ की काढून टाकू? मी काढून टाका म्हणाले. अँप्लिफायर, लाल वायर, सगळं बाहेर. स्पीकर सरळ स्क्रीनला जोडले. फ्यूज जागेवर, पुन्हा अर्धा तास, मीटरवर ०.०३. तो आकडा त्यांनी मला स्वतः वाकून बघायला लावला. सगळं मिळून अडीच तास गेले, आणि त्यांनी घेतलेली मजुरी गॅरेजच्या ब्रश-रेग्युलेटरच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी होती. पार्ट एकही नाही. मी थोडे जास्त द्यायला लागले तर त्यांनी परत केले.

नव्या बॅटरीवर मात्र परिणाम झाला आहे. तीन-चारदा तळापर्यंत उतरल्यामुळे तेव्हाचा १२.६१ हा आकडा आता दिसत नाही, ती पूर्ण भरूनही १२.५ च्या वर जात नाही. वॉरंटीच्या कार्डावर वायरिंगच्या दोषाने उतरलेली बॅटरी वगळलेली आहे, त्यामुळे तिकडे जाण्यात अर्थ नाही. मी तिच्यावर मार्करने तारीख आणि आकडा लिहून ठेवला आहे. म्युझिकच्या दुकानाला दोन फोटो पाठवले, जोडाचा आणि फ्यूज नसलेल्या वायरीचा, आणि त्या महिन्यात त्यांनी बसवलेल्या बाकीच्या गाड्या बोलावून तपासाव्यात असं लिहिलं. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

दुसरं पत्र पायरीबद्दल लिहिलं. बसचा मार्ग, वेळ, जमिनीपासून पायरीची मोजलेली उंची, ४३ सेंटीमीटर, आणि खाली आईची सही. टेप मी घरून नेला होता, उंची काकांनी आणि मी मिळून मोजली. निघताना त्यांनी विचारलं, गाडीचं काय झालं? मी म्हटलं, उभी असताना उतरत होती.

"मग सापडलं असेल," ते म्हणाले, आणि काट्याकडे बघत हवा भरायची वाट बघू लागले.